टाउन हॉल झाल्यावर घेतलेला विमा

प्रश्न: ताई, नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, गेली सात वर्षं इंग्लंडमध्ये, सध्या रेडिंगला. वय ३९. एका रिटेल कंपनीच्या डेटा विभागात सहा वर्षं पूर्ण झाली, पगार वर्षाला ५२,००० पौंड. गेल्या वर्षी आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, मिळाला. दोन वर्षांपूर्वी घर घेतलं, मॉर्गेजचा (गृहकर्जाचा) हप्ता १,४२० पौंड, ठरावीक व्याजदराचं फिक्स्ड डील मे महिन्यात संपतंय. बायको शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, मुलगी इयर टूमध्ये.

जानेवारीच्या शेवटी आमच्या विभागाचा टाउन हॉल, म्हणजे सगळ्यांची सभा, झाला. मोठे साहेब म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत टीमची फेररचना होईल आणि काही रोल्स राहणार नाहीत. पत्र अजून कुणालाच आलेलं नाही. स्लाउच्या एका मित्राची नोकरी गेली तेव्हा त्याला विम्यातून वर्षभर पैसे आले होते. तो म्हणतो, आजच इन्कम प्रोटेक्शन घेऊन टाक. ऑनलाइन फॉर्म भरायला घेतला. महिना ३८ पौंड भरले तर नोकरी गेल्यावर महिना १,५०० पौंड मिळतील असं दिसतंय. पण एका ठिकाणी विचारलंय, 'तुमची नोकरी जाऊ शकते अशी काही कल्पना तुम्हाला आहे का?' तिथे 'नाही' टाकलं तर कुणाला कळणार? घरी अजून काही बोललेलो नाही. पुण्यात गेल्या ऑगस्टमध्ये केलेली एक वर्षाची एनआरई एफडी (परदेशातल्या कमाईची मुदत ठेव) आहे, ती मोडून पैसे इकडे आणून ठेवू का?

उत्तर: 'नाही' टाकू नका. आणि 'हो' टाकलंत तर कंपनी बहुधा पॉलिसी देणारच नाही, दिली तरी या फेररचनेतून आलेला क्लेम वगळूनच देईल. म्हणजे डोक्यावर जे लटकतंय त्यासाठी हा विमा आता मिळत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. तसं केलंत की पुढची बरीच कामं सोपी होतात.

मित्राचं खोटं नाही, पण त्याने पॉलिसी कधी घेतली होती ते विचारा. नोकरीत सगळं आलबेल असताना घेतली असणार. शिवाय 'इन्कम प्रोटेक्शन' या नावाखाली तो दोन वेगळ्या वस्तू एकत्र करतोय. इथल्या आपल्या मंडळींत हा घोळ सर्रास दिसतो.

ब्रिटनमध्ये नुसतं इन्कम प्रोटेक्शन म्हटलं की तो आजारपणाचा आणि अपघाताचा विमा. पाठीचं दुखणं, कर्करोग, डिप्रेशन, काहीही होऊन काम करता येईनासं झालं, तर ठरलेल्या आठवड्यांनंतर दरमहा पैसे सुरू होतात आणि चांगल्या पॉलिसीत तुम्ही बरे होईपर्यंत किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत येत राहतात. कंपनीने नारळ दिला तर मात्र यातून एक पेनीही सुटत नाही. नोकरी गेल्यावर पैसे देणारा विमा निराळा. त्याला रिडंडन्सी कव्हर (रिडंडन्सी म्हणजे जागाच रद्द झाल्याने नोकरी जाणं) किंवा अनएम्प्लॉयमेंट कव्हर म्हणतात. अपघात, आजार आणि बेकारी एकत्र बांधली की एएसयू, आणि मॉर्गेजच्या हप्त्याला जोडलं की एमपीपीआय. यात एका क्लेमला बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त १२ महिने पैसे मिळतात. तुम्हाला दिसलेला ३८ पौंडांचा कोट याच दुसऱ्या प्रकाराचा आहे.

आणि या दुसऱ्या प्रकारात खरी मेख आहे ती मुदतींची. एक मुदत नोकरी गेल्यानंतर मोजतात: पहिले ३० किंवा ६० दिवस तुमचे, पैसे त्यानंतर. ही सगळ्यांना ठाऊक असते, कारण ती कोटच्या पानावरच दिसते. दुसरी पॉलिसी सुरू झाल्यापासून मोजतात, साधारण ६० ते १२० दिवस, आणि ती आतल्या कागदांत असते. या काळात रिडंडन्सी आली तर क्लेम नाही. इथे हुशार माणसंही फसतात, म्हणून तुमचंच उदाहरण घेते. समजा पॉलिसी १ मार्चला सुरू झाली आणि वगळलेला काळ ९० दिवसांचा आहे, म्हणजे मेअखेरपर्यंत. २० मार्चला 'ॲट रिस्क' पत्र, म्हणजे तुमची जागा जाऊ शकते असं कळवणारं पत्र, आलं. मोठी कपात असेल तर कन्सल्टेशन, म्हणजे कपातीआधीची कर्मचाऱ्यांशी चर्चा, निदान ४५ दिवस चालतं, त्यावर तुमची नोटीस तीन महिन्यांची धरू. शेवटचा दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला येतो. तुम्ही म्हणाल, ९० दिवस तर कधीच उलटले. पण बऱ्याच पॉलिस्यांमध्ये तुम्ही ऑफिसातून कधी बाहेर पडलात ते पाहत नाहीत, नोकरी जाणार असं तुम्हाला कधी कळलं ते पाहतात. तुमच्या बाबतीत ती तारीख २० मार्च, आणि कुणी आणखी मागे गेलं तर जानेवारीतला टाउन हॉल.

आता 'कुणाला कळणार' याबद्दल. फॉर्म भरताना कुणालाच कळत नाही, तेवढं खरं. ऑनलाइन पाच मिनिटांत पॉलिसी हातात येते आणि प्रीमियमही बिनबोभाट कापला जातो. चौकशी होते ती क्लेमच्या वेळी. क्लेमच्या कागदांत एक भाग तुमच्या कंपनीने भरायचा असतो: कर्मचारी कधीपासून होता, रिडंडन्सी कधी जाहीर झाली, त्याला लेखी कधी कळवलं. तो भाग एचआरमधलं कुणीतरी भरतं, आणि त्या व्यक्तीला तुमच्यासाठी तारीख पुढेमागे करण्याचं काहीच कारण नसतं. टाउन हॉलचं निमंत्रण, त्यानंतर आलेली 'प्रश्नोत्तरं'वाली ईमेल, सगळ्यांवर तारखा आहेत. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार तुम्ही उत्तरं देताना वाजवी काळजी घ्यायची असते. चूक निष्काळजीपणाची ठरली तर कंपनी त्या प्रमाणात हात आखडता घेते, पण जाणूनबुजून खोटं सांगितलं असं ठरलं तर पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द करून, क्लेम नाकारून, वर तुमचे प्रीमियमही सहसा ठेवून घेऊ शकते. पुढे कधी दुसरा विमा घ्यायला गेलात तर फॉर्मवर प्रश्न असतो: पूर्वी कुठल्या कंपनीने तुमची पॉलिसी रद्द केली आहे का? एका टिकमार्कपायी ते लफडं कायमचं मागे लागतं.

तुमच्या मनात एक पळवाट आहे हे मला पत्रावरून दिसतंय: 'पत्र तर आलेलं नाहीच.' हा मुद्दा अगदीच फोल नाही. रिटेल धंदा मंदीत आहे, शेजारच्या कंपनीत माणसं कमी झाली, अशी बाजारातली कुजबुज म्हणजे 'कल्पना असणं' नव्हे. तसं धरलं तर या देशात कुणालाच हा विमा घेता येणार नाही. वाद झालाच तर ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारा फायनान्शियल ओम्बड्समनही नेमका काय प्रश्न विचारला होता आणि त्या वेळी तुम्हाला काय माहीत होतं, हेच पाहतो. पण तुमच्या विभागाच्या सभेत, तुमच्या विभागाच्या प्रमुखाने, उन्हाळ्यापर्यंत रोल्स जाणार असं सांगितलंय. याला कुजबुज म्हणणं जड जाईल. तरीही शंका फिटत नसेल तर विमा कंपनीला ईमेल करा, सभेत जे बोललं गेलं ते जसंच्या तसं लिहा आणि विचारा की अशा स्थितीत माझा क्लेम ग्राह्य धराल का. लेखी उत्तर येऊ द्या. फोनवरच्या गोड बोलण्याचा उपयोग नाही.

जाता जाता: या विम्याचा इथला इतिहासही फार उजळ नाही. कर्जासोबत पीपीआय, म्हणजे हप्त्यांचा विमा, गळ्यात मारण्याचं प्रकरण तुम्ही इथे येण्याआधीपासून गाजत होतं. ज्यांना क्लेम करताच आला नसता अशा लोकांनाही तो विकला गेला होता. बँकांना ग्राहकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक परत द्यावे लागले. तक्रारीची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती. आणि मार्च २०२० मध्ये कोविड आला, लोकांना या विम्याची खरी गरज पडली, तेव्हा बहुतेक कंपन्यांनी नव्या ग्राहकांसाठी रिडंडन्सी कव्हरची विक्रीच थांबवली. धोका दिसू लागला की दार लावून घेणं हा त्यांच्या धंद्याचा भाग आहे. तुमच्याबाबतीत ते दार त्या प्रश्नाच्या रूपाने समोर आलंय, इतकंच.

मग आजारपणाचा विमा तरी घ्यावा का? माझं मत: घ्यावा, पण या भीतीपोटी नव्हे. नोकरीत असताना अर्ज केला तर तुमचं काम आणि उत्पन्न दोन्ही कागदावर दाखवता येतं. बेकार असताना चांगली पॉलिसी मिळणं कठीण. साधारण पगाराच्या ५० ते ७० टक्क्यांपर्यंत कव्हर मिळतं, आणि प्रीमियम तुम्ही स्वतः भरत असाल तर मिळणाऱ्या पैशावर कर नाही. घेताना 'ओन ऑक्युपेशन' व्याख्या आहे ना ते बघा, म्हणजे तुमचं स्वतःचं काम करता येत नसेल तर पैसे मिळतात. नाहीतर डेटाचं काम जमत नाही ना, मग दुसरं काहीतरी करा, असं ऐकून घ्यावं लागतं. दोन गोष्टी मात्र आधीच समजून घ्या. नोकरी गेल्यानंतर आजारी पडलात तर पॉलिसी चालू असली तरी बऱ्याचदा व्याख्या कडक होते आणि रक्कम घटते, कारण ती आधीच्या १२ महिन्यांच्या कमाईवर ठरते. आणि पगार थांबल्यावरही प्रीमियम भरायचाच असतो. तेव्हा बेकारीतही झेपेल एवढाच घ्या. घेतल्यावर मन बदललं तर अशा दीर्घ मुदतीच्या पॉलिसीला ३० दिवस असतात.

खरं तर मी तुमच्या जागी असते तर तुमच्याआधी तुमच्या पत्नीच्या पॉलिसीची चौकशी केली असती. तुमची नोकरी गेली तर काही महिने घर त्यांच्या पगारावर आणि पर्यायाने त्यांच्या तब्येतीवर उभं राहणार. शाळेतून त्यांना किती आठवडे पूर्ण पगारी आजारपणाची रजा आहे ते करारात बघा. ती संपली की मागे राहतो तो सरकारी सिक पे, २०२५-२६ मध्ये आठवड्याला ११८.७५ पौंड. आणि हो, तुमच्या कंपनीचं 'डेथ इन सर्व्हिस' कव्हर (नोकरीत असताना मृत्यू आला तर घरच्यांना मिळणारे पैसे) नोकरीबरोबरच जातं. मॉर्गेज झाकणारा स्वतःचा टर्म इन्शुरन्स नसेल तर तो मात्र या महिन्यातच घ्या. त्याला तुमच्या टाउन हॉलशी काही देणंघेणं नाही.

अर्थात यासाठी पत्नीला सगळं सांगावं लागेल. झाकली मूठ ठेवण्याची ही वेळ नाही. मेमध्ये मॉर्गेजच्या कागदांवर दोघांच्या सह्या लागणार, तेव्हा तरी काय सांगाल?

मॉर्गेजचं तर याच आठवड्यात बघा. तुमची सर्वांत मोठी बचत इथे आहे आणि पत्रात तुम्ही तो विषय एका ओळीत संपवलाय. आहे त्याच बँकेकडे नव्या डीलवर जाणं, म्हणजे प्रॉडक्ट ट्रान्सफर, यात कर्जाची रक्कम वाढवत नसाल तर बहुधा पगाराच्या स्लिपा पुन्हा मागत नाहीत. दुसऱ्या बँकेकडे गेलात तर सगळी तपासणी नव्याने, आणि उत्पन्नात काही बदल होणार आहे का हा प्रश्नही येणार. तिथेही खरंच सांगायचंय. थोडा जास्त व्याजदर पडला तरी या वर्षी आहे त्याच बँकेत राहा. २०२३ च्या जूनमध्ये मॉर्गेज चार्टर, म्हणजे सरकार आणि बँकांमधला करार, झाला, बहुतेक मोठ्या बँका त्यात आहेत. त्यानुसार जुनं डील संपण्याच्या सहा महिने आधीपासून नवं पक्कं करून ठेवता येतं. हप्ते थकलेले नसतील तर पुढे अडचण आल्यावर सहा महिने फक्त व्याज भरण्याची सवलतही मागता येते, क्रेडिट स्कोअरला धक्का न लावता. त्यासाठी बँकेला हप्ता चुकण्याआधी फोन करायचा असतो. आणि दरमहा जास्तीचा हप्ता भरत असाल तर तो आजपासून बंद. भिंतींत गेलेले पैसे अडीअडचणीला पटकन बाहेर काढता येत नाहीत. ते ३८ पौंडही त्यांच्यासोबत साध्या ईझी ॲक्सेस, म्हणजे हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या, खात्यात टाका.

आता कंपनीकडून काय येणं आहे ते मोजू. दोन वर्षं पूर्ण झालेल्यांना कायद्याने रिडंडन्सी पे मिळतो. २२ ते ४० या वयातल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला एक आठवड्याचा पगार, ४१ पासून पुढे दीड आठवड्याचा. तुमचा आठवड्याचा पगार १,००० पौंड होतो, पण कायद्याची कमाल मर्यादा २०२५-२६ साठी ७१९ पौंड आहे. सहा वर्षांचे झाले ४,३१४. एप्रिलमध्ये मर्यादा बदलते, त्यामुळे नोकरी त्यानंतर गेली तर नवा आकडा लागू. ३०,००० पौंडांपर्यंतच्या रिडंडन्सी पेवर कर नाही, पण नोटिशीच्या आणि उरलेल्या रजेच्या पैशावर आहे. ४,३१४ म्हणजे तीन हप्त्यांना थोडं जास्त, आणि यावरून तुम्हाला घाम फुटेल. पण बऱ्याच मोठ्या कंपन्या कायद्यापेक्षा जास्त देतात. स्टाफ हँडबुकमध्ये 'एन्हान्स्ड' शब्द शोधा. मागच्या फेररचनेत गेलेल्या सहकाऱ्यांना चहाला बोलवा आणि सरळ विचारा, काय मिळालं म्हणून. एचआर सांगणार नाही, ते सांगतील.

कन्सल्टेशन सुरू झालं की गप्प बसू नका. आपल्याकडे, निदान आपल्या पिढीत, साहेबाने पत्र दिलं की खाली मान घालून घ्यायचं असतं. इथे त्या बैठका तुमच्यासाठी असतात. कुणाकुणातून निवड करणार, निकष काय, मला किती गुण दिले, कंपनीत दुसरी कुठली जागा आहे, हे सगळं लेखी मागता येतं. दुसरी जागा देऊ केली तर ती चार आठवडे करून बघण्याचा हक्क आहे. बिनकारण नाकारली तर मात्र रिडंडन्सी पे हातचा जाऊ शकतो. सेटलमेंट ॲग्रीमेंट (रक्कम घेऊन दावे सोडण्याचा करार) पुढे केलं तर स्वतंत्र सल्लागाराचा, सहसा वकिलाचा, सल्ला घेतल्याशिवाय ते ग्राह्यच होत नाही, आणि त्या वकिलाचे पैसे सहसा कंपनीच देते. अडलं तर एकासची, म्हणजे नोकरीतल्या वादांवर सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेची, हेल्पलाइन फुकट आहे.

याच टप्प्यावर 'कुणी स्वेच्छेने जायला तयार आहे का' असंही विचारतील. रिडंडन्सी कव्हर असतं तर तुम्हाला हात वर करता आला नसता, कारण स्वेच्छेने गेलेल्यांना ते पैसे देत नाही. तुमच्याकडे ते नाही, तेव्हा रक्कम चांगली असेल आणि बाहेर मुलाखती चालू असतील तर जरूर विचार करा.

नोकरी गेलीच तर पहिल्याच दिवशी न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्सचा (बेकारी भत्त्याचा) अर्ज करा. मागच्या दोन कर-वर्षांत पुरेसं नॅशनल इन्शुरन्स भरलेल्यांना तो मिळतो, बायकोचा पगार आणि बचत बघत नाहीत. २०२५-२६ मध्ये आठवड्याला ९२.०५ पौंड, जास्तीत जास्त १८२ दिवस. लाजू नका, सहा वर्षं पगारातून कापलेल्या पैशाचाच तो भाग आहे.

तुम्हाला आयएलआर आहे, म्हणून व्हिसाबद्दल लिहीत नाही. पण हे वाचणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसावाल्यांसाठी: तुमच्या कंपनीला नोकरी संपल्याचं दहा कामकाजी दिवसांत होम ऑफिसला कळवावं लागतं, आणि मग साधारण ६० दिवसांची मुदत येते, व्हिसा त्याआधीच संपत असेल तर त्याहूनही कमी. तुमची पहिली धावपळ नव्या स्पॉन्सरसाठी, म्हणजे व्हिसाची जबाबदारी घेणाऱ्या कंपनीसाठी, असायला हवी.

राहिली पुण्याची एफडी. आत्ता मोडू नका. एनआरई ठेव वर्ष पूर्ण होण्याआधी मोडली तर व्याज शून्य, आणि तुमचे अजून सहा महिनेही धड झालेले नाहीत. ती एनआरई असल्यामुळे मुदत भरल्यावर मुद्दल-व्याज दोन्ही विनासायास इकडे आणता येतं. एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाच्या खात्यातली) असती तर कागदपत्रांचा खटाटोप होता. त्या व्याजावर भारतात कर नसला तरी इथल्या कर-हिशोबात ते दाखवायचं असतं, बरेच जण हे सोयीने विसरतात. तुमची नोकरी गेलीच तर ती साधारण ऑगस्टच्याच सुमारास जाईल, त्यामुळे वेळ बरोबर जुळतेय. बँकेला आजच ईमेल करून ऑटो-रिन्यूअल मात्र बंद करायला सांगा, नाहीतर ऑगस्टमध्ये ती आपोआप आणखी वर्षभरासाठी अडकेल.